बारावीनंतरचं कॉलेज निवडताना आईवडिलांनो, या चुका टाळा

राजापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. मृगाचा पाऊस लागला की बारावी झालेल्या मुलांचे आईवडील यायला लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल, दाराशी टेकवलेली ओली छत्री आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच: "ह्याला चांगलं कॉलेज लावून द्या." खुर्चीत बाप बसतो, मुलगा मागच्या बाकावर मोबाइल बघत असतो. निम्मी चूक तर या बसण्यातच होते. माझ्या घरातही ती झाली आहे, ते पुढे सांगतो. दर वर्षी त्याच चुका डोळ्यांसमोर होताना बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

टक्के आणि पर्सेंटाइल एकच समजणं

कोकण बोर्ड २०१२ पासून निकालात राज्यात पहिलं येतंय. २०२४ साली आपला बारावीचा निकाल ९७.५१ टक्के लागला. त्याचा आनंद जरूर करा, पण इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीच्या भौतिक, रसायन, गणितात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पुरतात. मुलाला ८५ पर्सेंटाइल मिळाले म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरांत साधारण पंच्याऐंशी जण त्याच्या मागे आहेत. त्याला ८५ टक्के गुण पडले असा त्याचा अर्थ नाही. "बारावीला ८८ आणि इथं ६२ कसे?" म्हणून दुकानात चारचौघांत मुलाला झापणारे वडील मी पाहिलेत. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. ही दोन मापंच वेगळी आहेत, हे कुणीतरी घरी आधी सांगितलं असतं तर ती वेळ आली नसती.

मूल अजून बारावीत असेल तर एवढं लक्षात ठेवा: सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत, भौतिक आणि रसायनच्या प्रश्नाला एक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीचा साधारण २० टक्के भाग असतो, त्यामुळे अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका.

मुंबईच्या काकांच्या शब्दावर मूल पाठवणं

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. पडवीत बसून फणसाचे गरे खाता खाता पोराचं भविष्य ठरतं. "इकडे पाठव रे, माझ्याकडे राहील." काकांच्या मनात खोट नसते, खरंच माया असते. पण काका राहतात नालासोपाऱ्याला आणि कॉलेज मिळतं नवी मुंबईत. म्हणजे आधी पश्चिमेची गाडी, मग हार्बर, मध्ये जिने चढणं-उतरणं आणि शेवटी रिक्षा. वन रूम किचनमध्ये आधीच चार माणसं. पाचलकडच्या एका मुलाने दिवाळीत येऊन मला सांगितलं, "दादा, मी गाडीत उभ्याने झोपतो." पहिल्या सेमिस्टरला त्याचे चार विषय राहिले. पोरगा हुशार होता, अजूनही आहे.

त्यामुळे काकांना "किती लांब?" असं विचारू नका, ते "जवळच आहे" म्हणणार. कामाच्या दिवशी सकाळी सातला घरातून निघून कॉलेजच्या फाटकाशी किती वाजता पोचतो, हे मुलालाच दोन दिवस जाऊन बघू द्या. आणि काकूंना वेगळं विचारा. डबा त्या करणार, आंघोळीचा नंबर त्या लावणार. त्यांच्या मनात नसेल तर मुलाला ते दुसऱ्याच आठवड्यात कळतं आणि ते तुम्हाला कधीच सांगत नाही.

नकाशावरचं अंतर बघून कॉलेज धरणं

राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर जवळ. पण पावसाळ्यात घाटात दरड आली की ते जवळपण संपतं, आणि प्रवेशाची धावपळ नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये असते. शिवाय बारावी आपल्याकडे झाली असेल तर आपलं गृह विद्यापीठ, म्हणजे ज्याच्या हद्दीत बारावी झाली ते, मुंबई. कोल्हापूर शिवाजी विद्यापीठात येतं. खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात गृह विद्यापीठाच्या मुलांना ७० टक्के जागा आणि बाहेरच्यांना ३० टक्के, अशी वाटणी असते. म्हणून कटऑफची यादी, म्हणजे शेवटची जागा किती पर्सेंटाइलवर गेली ती यादी, वाचताना जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच असेल तर गृह विद्यापीठ, ओ असेल तर बाहेरचं, एस असेल तर राज्यस्तरीय जागा. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींच्या जागा. कोल्हापूरच्या कॉलेजचा एचचा आकडा बघून "मिळेल हो" म्हणणारे खूप भेटतात. आपल्याला तिथं ओचा आकडा लागू होतो. गोव्याचं तर निराळंच. दुसरं राज्य असल्याने आपल्या जातीच्या दाखल्यावर तिथल्या राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत.

पसंतीक्रम बापाने वीस मिनिटांत भरणं

आता माझं सांगतो. थोरल्या मुलीने अकरावीला भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घेतले होते. लहानपणापासून साखरी नाट्याच्या बंदरावर होड्या लागल्या की ही तिथं उभी. तिला रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचं होतं. मी म्हटलं, "एवढे मार्क मिळवून मासळीत जाणार?" त्या दिवशी दुकानात अकरा जण थांबले होते. दुसऱ्यांची कामं बाजूला ठेवून मी तिचा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरला आणि पहिल्या क्रमांकावर एका खाजगी कॉलेजची कॉम्प्युटर शाखा टाकली. मत्स्यशास्त्राचा प्रवेश कृषी गटातून होतो, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ती मी केलीच नाही. मुलगी बाकावर बसली होती. मी तिला पडद्याकडे बघायलाही बोलावलं नाही.

जागावाटपाच्या पहिल्याच फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला. तसा तो मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. हे मला माहीत होतं, दिवसातून दहा जणांना मीच सांगत होतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात वसतिगृह आहे असं छापलेलं. प्रत्यक्षात ते चार किलोमीटरवर भाड्याने घेतलेले दोन मजले निघाले, संध्याकाळी सहानंतर बस नाही. वर्षभर पोरगी रोज फोनवर "बरं आहे" म्हणत राहिली. जूनमध्ये सामान घेऊन परत आली. पुढच्या वर्षी तिने स्वतः फॉर्म भरला आणि आता ती शिरगावला तिसऱ्या वर्षात आहे. तिचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं, ते मी तिला परत देऊ शकत नाही.

तेव्हापासून दुकानात मूल खुर्चीत बसतं आणि पालक शेजारी. यादी घरून कागदावर लिहून आणायची, आधी मुलाने एकट्याने, मग दोघांनी मिळून. क्रम आवडीचा लावायचा. "हे मिळण्यासारखं आहे" म्हणून मधलं कॉलेज वर ठेवलं की तेच मिळतं आणि वरचं हातचं जातं. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजवरचा हक्क कमी होत नाही, ही गोष्ट मला दिवसातून पाच वेळा समजावावी लागते. पाच-सहा पर्याय भरून थांबू नका. आणि जिथं खरोखर जायचं नाही ते नाव यादीत भरतीलाही घालू नका, कारण तेच लागू शकतं. जागा मिळाली पण आणखी वरच्याची आशा असेल तर ती हातात ठेवून पुढच्या फेरीत जाता येतं. मात्र पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते. कितव्या फेरीत कितव्या पसंतीला जागा पक्की होते हे नियम बदलतात, तेव्हा गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाचं काय झालं यावर जाऊ नका. चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

पिकतं तिथे विकत नाही

आपल्या दारात काय आहे ते आपल्यालाच दिसत नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आंबा-काजूवर आयुष्य काढलेली माणसं तिथं शिकवतात. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं. सरकारी मेडिकल कॉलेजं सिंधुदुर्गात आणि अलिबागला २०२१ पासून, रत्नागिरीत २०२३ पासून सुरू झाली. तिथला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. रत्नागिरी आणि मालवणला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. मुलाने बाहेर जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण बाहेरचं नाव लिहिण्याआधी इथलं एकदा शेजारी ठेवून बघा. खारेपाटणचे एक काका आले होते, "तेका कॉम्प्युटरच होयो," म्हणत. मुलाला विचारलं तर त्याला कलमं बांधायचा नाद. आजोबांबरोबर बागेत राबलेला पोर. दापोलीचं नाव त्यांनी यादीत धरलंच नव्हतं.

कागद उशिरा जमवणं

याच्यावर थोडक्यात सांगतो, पण सगळ्यात जास्त प्रवेश इथंच अडकतात. नॉन क्रीमीलेयरवर, म्हणजे राखीव प्रवर्गातल्या घराचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्यावर, वैधतेची तारीख असते. ती ३१ मार्चला संपते, तेव्हा प्रवेशाच्या वर्षाची मुदत आहे का ते बघा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. तो कधी गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात, कधी घरचे गिरणीत असताना मुंबईतल्या शाळेत. शोधायला महिने जातात. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा. रजिस्ट्रेशनला मोबाइल नंबर घरात असणाऱ्या माणसाचा द्या. बाप मुंबईत, ओटीपी त्याच्याकडे, तो लोकलमध्ये आणि इथं साइटची वेळ संपत आलेली, असं होतं. त्यात अर्जुनेचं पाणी जवाहर चौकात चढलं आणि लाइट गेली की आम्हीही काही करू शकत नाही. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

एजंटचं ऐकून पैसे देणं

निकालानंतर फोन सुरू होतात, "जागा शेवटची आहे, आज टोकन भरा." कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. तो आकडा आधी बघा. त्यावर डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरं म्हणजे, व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, प्रवेश घेतला की सरकारी फी सवलत जाते. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ती प्रवेश फेरीतून जागा घेतलेल्यांनाच. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो आणि बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं. आंब्याची पट्टी हातात आहे म्हणून मेमध्येच कुणाला टोकन देऊन बसू नका. ते पैसे खोली, खानावळ आणि अनामत यांना लागणार आहेत.

कॉलेज न बघता हो म्हणणं

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बरेच वडील घरी असतात. त्यातला एक दिवस काढा. कामाच्या दिवशी, न कळवता जा. मुख्य इमारतीच्या संगमरवराकडे बघू नका, प्रयोगशाळेत जाऊन यंत्रांवर धूळ आहे का बघा. मेसमध्ये पैसे देऊन जेवा. बसथांब्यावरच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी तुमच्या मुलाला एकट्याला बोलू द्या, तुम्ही टपरीवर चहा घ्या. परत येताना गाडीत त्याला काही विचारू नका. रात्री जेवताना तो आपणहून बोलेल.

चूक झालीच असेल तर

गुणवत्ता यादीत नाव, प्रवर्ग किंवा गुण चुकले असतील तर तात्पुरती यादी लागल्यावर तक्रारीसाठी थोडे दिवस मिळतात, त्याच दिवशी लॉगिन करा. पडताळणी आली नसेल तर अर्जाची पावती जपून ठेवा आणि मूळ प्रमाणपत्राची शेवटची तारीख भिंतीवर लिहा. ती हुकली की राखीव जागेवरचा हक्क जातो. जागा पक्की झाली आणि शाखाच चुकली असेल तर पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलता येते का, हे कॉलेजात लेखी विचारा.

मागच्या वर्षी ओणीच्या एक वहिनी पहिल्या एसटीने, दुकान उघडायच्या आधी येऊन उभ्या होत्या. पसंतीक्रम भरून झाला होता, पण अजून पक्का केला नव्हता. रात्री मुलगी रडली होती आणि शेवटी बोलली होती. मुदत संध्याकाळपर्यंत होती. मुलगीच खुर्चीत बसली, वहिनी दारात पदर पिळत उभ्या राहिल्या. तिने चौथ्या नंबरचं नाव उचलून पहिल्यावर नेलं आणि मग आईकडे वळून म्हणाली, "आता तू ये, वाचून बघ."