खानदेशात दातांचा दवाखाना थाटताना: आधी हवा, मग खुर्ची

२०२० च्या टाळेबंदीनंतर दवाखाने पुन्हा उघडले, तेव्हा अनेक डेंटिस्टांचा पहिला खर्च फवारणीच्या यंत्रावर आणि पीपीई किटवर झाला. हवेचा विचार उशिरा आला. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला नवा दवाखाना टाकणाऱ्यांनी तो पहिल्या दिवशी करावा.

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हवेवर चालणारं ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याच्या पाण्यात लाळ आणि रक्त मिसळून तुषार उडतात. मोठे थेंब खाली बसतात, पुसता येतात. सूक्ष्म कण तरंगत राहतात. ते खोलीबाहेरच काढावे लागतात. दातांवरचा थर काढणाऱ्या अल्ट्रासॉनिक स्केलरचंही तेच.

हिशेब सोपा आहे. १० बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे १००० घनफूट. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा. जाळी आणि धूळ यांमुळे पंखा कमी ओढतो, म्हणून हिशेबापेक्षा मोठाच घ्या. १२ बदलांवर ९९ टक्के कण निघायला सुमारे २३ मिनिटं लागतात, ६ बदलांवर ४६. दोन अपॉइंटमेंटांमधलं अंतर यावरून ठरवा.

आपल्याकडे खरी अडचण मे महिन्याची. भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला की दारं-खिडक्या लावून स्प्लिट एसी सुरू होतो, आणि तो खोलीतलीच हवा गार करून परत देतो. इथे साधा कूलर उजवा, पण खिडकीबाहेर बसवलेला. आत ठेवलेला कूलर आतलीच हवा फिरवतो. कूलर डॉक्टरच्या पाठीशी आणि एक्झॉस्ट रुग्णाच्या पलीकडच्या भिंतीत ठेवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मे २०२० च्या सूचनांतही वाऱ्याची दिशा हीच होती: पंखा डॉक्टरच्या मागे, छताचा पंखा बंद. खात्रीसाठी खुर्चीच्या हेडरेस्टपाशी उदबत्ती लावा. धूर तुमच्या तोंडाकडे किंवा वेटिंगकडे वळला, तर मांडणी बदला. फर्निचर पक्कं करण्याआधीच हे बघा, नंतर भिंत फोडावी लागते.

तुषार मुळात कमी उडावेत म्हणून रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) आणि मोठ्या नळीचं सक्शन हवं. लाळ ओढणारी बारीक नळी पुरत नाही. गुटख्याने तोंड आवळलेल्या रुग्णाला डॅम दातावर धरणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, बसवणं अवघड जातं, आणि असे रुग्ण इथे नेहमी येतील. त्यांची कीड जमेल तिथे हाताच्या एक्स्कॅव्हेटरने (चमच्यासारख्या अवजाराने) काढून ग्लास आयोनोमर हे सिमेंट भरा.

पृष्ठभाग पुसायला ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा (जंतुनाशक ब्लीचचा) १ भाग आणि पाण्याचे ४ भाग मिळून १ टक्क्याचं द्रावण होतं. उन्हाने आणि उष्णतेने ते कमजोर पडतं. रोज ताजं करा, सावलीत ठेवा. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहू द्या. धातू मात्र गंजतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, पाऊचबंद अवजारांना १२१ अंशांवर ३० मिनिटं द्या. मधेच लाइट गेली तर उरलेली मिनिटं मोजू नका, सायकल पहिल्यापासून लावा.

टाळेबंदीत फोनवरून अँटिबायोटिक सांगायची सवय लागली, ती सोडायलाच हवी. ठणकणाऱ्या दाढेची नस सुजलेली असते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दाढ उघडावी लागते. सूज पसरत असेल किंवा ताप असेल, तर गोष्ट वेगळी.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे काही रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरांकडेच पोचले. मधुमेही माणूस, कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेला, वरचे तीन-चार दात एकाएकी हलू लागलेले, हिरडीतून जागोजागी पू, गाल बधिर. हिरड्यांचा साधा आजार समजून दात काढले तर जखम भरत नाही, कारण बुरशीने रक्तवाहिन्या बुजून हाड मेलेलं असतं. कोविड ओसरला तरी साखर हाताबाहेर गेलेल्या रुग्णात हा आजार आजही होतो. अशा वेळी दात काढायचा चिमटा, म्हणजे फोरसेप, उचलू नका. ग्लुकोमीटरने साखर बघा, टाळूवर काळसर डाग आहे का ते टॉर्च लावून तपासा, आणि सायनसच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी देऊन त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवा. सोबतच्या नातेवाइकाला घाई कशाची आहे ते नीट समजावून सांगा, नाहीतर ते आधी गावी परततात.