खोबरे-चॉकलेटचा घरगुती खाऊ: सोलापूरच्या हवेत करायची तयारी

सामान आणायच्या आधी महिना कोणता आहे ते बघा. खऱ्या चॉकलेटमधला स्निग्धांश, म्हणजे कोको बटर, साधारण ३४ अंशांना वितळते. सोलापुरात मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत दुपारी स्वयंपाकघरातच एवढी उष्णता असते, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ पर्यंत चढतो. म्हणून चॉकलेटमध्ये बुडवलेल्या खोबऱ्याच्या वड्या आपल्याकडे दिवाळी ते महाशिवरात्र एवढ्याच दिवसांत कराव्यात. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, संक्रांतीच्या थंडीत, त्या सगळ्यात चांगल्या जमतात. उन्हाळ्यात खजूर, खोबरे आणि कोको पावडरचे लाडू करा. त्यात वितळण्यासारखे चॉकलेट नसतेच, त्यामुळे डब्यात, प्रवासात कुठेही टिकतात. यादी या दोन्हींची आहे. जे करायचे ते आधी ठरवा, कारण सामान वेगवेगळे लागते.

लाडवांसाठी बिया काढलेला मऊ काळा खजूर २५० ग्रॅम, खोबऱ्याचा बारीक कीस १०० ग्रॅम आणि वरून घोळवायला आणखी २५ ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट ७५ ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम (सपाट भरलेले साधारण चार मोठे चमचे), एक मोठा चमचा तूप आणि चिमूटभर मीठ. वीस-वीस ग्रॅमचे तेवीस लाडू होतात. वड्यांसाठी खोबऱ्याचा कीस १६० ग्रॅम, साधा गूळ १५० ग्रॅम, पाणी ६० मिलिलिटर, तूप एक मोठा चमचा, वेलची पूड पाव चमचा, आणि बुडवायला ५५ ते ७० टक्के कोको असलेले डार्क चॉकलेट २५० ग्रॅम. यात पंधरा ग्रॅमच्या बावीस-तेवीस वड्या होतात. त्यांना चॉकलेट प्रत्यक्षात १८० ग्रॅमच्या आसपास लागते, पण भांड्यात खोली नसेल तर वडी नीट बुडत नाही, म्हणून जास्त वितळवायचे. उरलेले बटर पेपरवर पसरून थिजवा, पुढच्या वेळी चालते.

खरेदीत सगळ्यात जास्त लक्ष चॉकलेटच्या वेष्टनाकडे हवे. बेकरीच्या सामानाच्या दुकानात ‘डार्क’ म्हणून मागितले की बहुतेक वेळा समोर येते ते कंपाउंड. त्याच्या घटकांत साखर पहिली असते आणि कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती स्निग्ध पदार्थ. ते स्वस्त पडते, टेम्परिंगची, म्हणजे वितळवलेले चॉकलेट ढवळत ठरावीक तापमानाला आणण्याची, कटकट नाही, म्हणून विकायला करणारे ते वापरतात, आणि त्यांचे बरोबरही आहे. पण घरच्यांसाठी, तब्येतीचा विचार करून करायचे असेल तर घटकांत ‘कोको मास’ आणि ‘कोको बटर’ हेच शब्द शोधा. कोको पावडर घेताना ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ हाती येणार नाही हे बघा, त्यात बहुतांश साखरच असते. पाकिटावर घटक एकच हवा: कोको.

खोबऱ्याचे दोन मार्ग आहेत. मंगळवार पेठ, मधला मारुती या भागात किराणा-सुकामेव्याच्या दुकानांत डेसिकेटेड कोकोनट, म्हणजे खोबऱ्याचा तयार सुकवलेला कीस, सुटे मिळते. ते पांढरे, कोरडे आणि भुरभुरीत हवे. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर हवा लागून दमट झाले आहे. दुसरा मार्ग म्हणजे मसाल्यासाठी आणतो ती सुक्या खोबऱ्याची वाटी. वाटी फोडून आतून बघा, पिवळट डाग किंवा काळी बुरशी नको, आणि एक तुकडा चावून बघितल्याशिवाय घेऊ नका. खवट खोबरे नाकाला लवकर कळत नाही, जिभेला लगेच कळते, आणि कोकोच्या कडवटपणाखाली ते लपत नाही, उलट वर येते. वाटीची पाठ किसणीवर घासून तपकिरी साल काढा, मग किसा आणि कीस मंद आचेवर तीन-चार मिनिटे फक्त गरम करा. रंग बदलू द्यायचा नाही, भाजीच्या वाटणाइतके भाजले तर मसाल्याचीच चव लागते.

ओला नारळ घ्यावासा वाटेल. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. पाकात चांगला परतून, मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत आटवून वड्या होतात आणि चवीला त्या सुंदर लागतात, पण फ्रिजमध्ये ठेवूनही दोन-तीन दिवसांत संपवाव्या लागतात. वर चॉकलेटचे आवरण दिले म्हणून आतला ओलावा कुठे जात नाही. पाहुणे त्याच दिवशी येणार असतील तरच ओला नारळ.

गूळ साधा, मऊ, गडद रंगाचा घ्या. संक्रांतीच्या आधी दुकानात चिक्कीचा गूळ पुढेच मांडलेला असतो. तो आणला तर वडी दाताला लागेल इतकी कडक होते, कारण तो कडक पाकासाठीच असतो. शेंगदाणे आपल्याकडे चांगलेच मिळतात. ते मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून, साले पाखडून कुटायचे. मात्र शेंगाचटणीला तेल सुटेपर्यंत कुटतात, इथे उलट करायचे: मिक्सर क्षण-दोन क्षण फिरवून थांबवायचा, कूट मोकळे रव्यासारखे राहायला हवे. तेल सुटलेल्या कुटाचे लाडू दुसऱ्या दिवशी हाताला तेलकट लागतात आणि लवकर खवट होतात.

आता भांडी. डिजिटल काटा हवाच, वाटीच्या मापाने खोबऱ्याचा कीस प्रत्येक वेळी वेगळा भरतो. वड्यांसाठी स्वयंपाकाचा तापमापक लागतो. ताप मोजायचा चालत नाही, तो ४२-४३ अंशांच्या पुढे दाखवत नाही आणि चॉकलेटमध्ये बुडवायचाही नसतो. एक पातेले, त्याच्या तोंडापेक्षा मोठे स्टीलचे किंवा जाड काचेचे भांडे, सिलिकॉनचा चमचा, दोन काटे-चमचे, बटर पेपर, झाकणाचा घट्ट डबा. लाकडी चमचा नको. त्यात ओल आणि कांदा-लसणाचा वास दोन्ही मुरलेले असतात, आणि चॉकलेट वास फार पटकन धरते. ज्या दिवशी काळा मसाला किंवा शेंगाचटणी करायची असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

भांडी आदल्या रात्री धुऊन, पुसून, उपडी न ठेवता उताणी ठेवा. उपड्या भांड्यात आत ओल कोंडते, आणि या कामात पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला की त्यातली साखर तो शोषून घेते, कण एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता सगळ्याचा खरखरीत गोळा होतो. वाफेनेही हेच होते. म्हणून वरचे भांडे मोठे, म्हणजे वाफ बाजूने वर येऊन आत शिरत नाही. पातेल्यात दोन बोटेच पाणी ठेवा, ते वरच्या भांड्याला टेकता कामा नये. गोळा झालाच तर तो वड्यांना वापरता येत नाही, पण फेकू नका: थोडे थोडे गरम दूध घालून घोटा, पुन्हा गुळगुळीत होतो आणि मुलांना पोळीला लावून देता येतो.

लाडवांचे काम सोपे आहे. खजूर प्रत्येक उघडून बघा, बी राहिलेली असते, कधी कीडही. बारीक चिरून तुपावर मंद आचेवर चार-पाच मिनिटे उलथन्याने दाबत राहा म्हणजे लगदा होतो. पाण्यात भिजवू नका, भिजवलेल्या खजुराचे लाडू चिकट होतात आणि तिसऱ्या दिवशी आंबूस लागतात. गॅस बंद केल्यावर चाळलेली कोको पावडर आणि मीठ घाला. आचेवर घातली तर तळाशी लागून करपते. मग कूट आणि कीस घालून, कोमट असतानाच परातीत पोळीच्या कणकेसारखे मळा. वळताना चिरा पडत असतील तर खजूर कोरडा होता, एक चमचा तूप जास्त घाला. हाताला चिकटत असेल तर दोन चमचे कीस वाढवा आणि दहा मिनिटे थांबा, खोबरे ओल ओढून घेते.

वड्यांचा पाक हा मात्र निगुतीने करायचा भाग. गूळ आणि पाणी गरम करून विरघळले की गाळून घ्या, तळाशी बारीक वाळू आणि काड्या निघतातच. परत कढईत घालून मध्यम आचेवर ठेवा. फेस आधी मोठ्या बुडबुड्यांचा आणि पातळ असतो, मग बुडबुडे लहान, दाट, चकचकीत होतात. तिथून लक्ष काढू नका. शेजारी वाटीत गार पाणी ठेवा आणि त्यात पाकाचा थेंब टाका. पसरला तर अजून वेळ आहे. तळाशी जाऊन बोटांनी गोळा करता आला आणि दाबल्यावर चपटा झाला, तर झाला पाक. तापमापकावर हे ११२ ते ११५ अंश असते. वाटीच्या काठावर टाकल्यावर तो गोळा टणकन वाजला तर पुढे गेला. मग लगेच दोन चमचे पाणी घालून पुन्हा आधीच्या जागी आणा. तूप, वेलची, कीस घालून दोन मिनिटे हलवा, तूप लावलेल्या ताटात बोटभर जाडीचे थापा, वाटीच्या बुडाने दाबून सपाट करा आणि कोमट असतानाच सुरीने खुणा पाडा. पूर्ण गार झाल्याशिवाय तुकडे सोडवू नका.

वड्या बुडवायचे काम पहाटे करा, गॅसवर दुसरे काही नसताना. खोलीत २०-२४ अंश असावेत, डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात सकाळी हे आपोआप मिळते. चॉकलेट हरभऱ्याच्या दाण्याएवढे चिरा. त्यातले दोन तृतीयांश वितळवून ४५ अंशांपर्यंत न्या, भांडे उतरवा आणि त्याचे बूड लगेच कोरड्या फडक्याने पुसा. बुडाचे पाणी ओघळून वडीवर पडते, बिघडण्याचे हे फार नेहमीचे कारण. उरलेले तृतीयांश चॉकलेट त्यात घालून ३१-३२ अंशांपर्यंत येईतो शांतपणे ढवळत राहा. न वितळलेल्या तुकड्यांमुळे कोको बटर योग्य रचनेत थिजते, त्याने चकाकी येते आणि तोडताना कट्ट आवाज होतो. सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच-सात मिनिटांत कोरडे, चमकदार झाले तर पुढे जा. पट्टे किंवा राखाडी झाक दिसली तर थोडे चिरलेले चॉकलेट घालून अजून ढवळा.

वड्या फ्रिजमधून काढून बुडवू नका. गार वडीवर आवरण जाड बसते, आणि वडी नंतर कोमट होऊन फुगली की त्याला चिरा जातात. वडी काट्यावर उचला, काटा भांड्याच्या काठावर दोनदा आपटा म्हणजे जादा चॉकलेट खाली पडते, आणि बटर पेपरवर सरकवा. चॉकलेट पातळ व्हावे म्हणून त्यात खोबरेल तेल घालण्याची पद्धत बरीच दिसते. खोबरेल तेल २४-२५ अंशांनाच पातळ होते. ते घातलेले आवरण आपल्याकडे जानेवारीच्या दुपारीसुद्धा बोटांना लागते. कोको पावडर, खोबरेल तेल आणि मध यांचे ‘घरगुती चॉकलेट’ही याच कारणाने इथे फ्रिजबाहेर पाच मिनिटे तग धरत नाही.

पौष्टिक म्हणताना हिशेब स्वच्छ ठेवा. वर दिलेल्या मापाने एका वडीत गूळ आणि चॉकलेट मिळून आठ-नऊ ग्रॅम साखर जाते, एका लाडवात खजुराची सात ग्रॅमच्या आसपास. गूळ हीसुद्धा साखरच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. खोबऱ्यात संपृक्त स्निग्धांश भरपूर असतो. तेव्हा मोठ्यांना दिवसाला दोन, मुलांना एक, एवढे पुरे. घरात मधुमेह असेल तर गुळाचे, खजुराचे आहे म्हणून मोकळीक समजू नका, डॉक्टरांना विचारून अर्धा लाडू. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हा खाऊ नकोच. लहान मुलांच्या लाडवात अख्खे बदाम-काजू खुपसू नका, घशात अडकतात. मुलांच्या मित्रांना वाटणार असाल तर शेंगदाणे आहेत हे त्यांच्या आयांना आधी सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला चिमूटभर कूटही त्रास देते.

साठवणीला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, थरांमध्ये बटर पेपर. लाडू थंडीत बाहेर आठवडाभर, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतात. सुक्या खोबऱ्याच्या वड्या थंडीत दहा दिवस. वड्या फ्रिजमध्ये ठेवाव्याच लागल्या तर बाहेर काढल्यावर डबा अर्धा तास उघडू नका. गार चॉकलेटवर हवेतली ओल धरते, साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरे खरखरीत ठिपके उरतात. पावसाळ्यात हे जास्त होते. ठिपके बुरशीचे नसतात, खायला हरकत नाही. पण लव असलेले, हिरवट-करडे काही दिसले तर अख्खा डबा टाकून द्या.

चॉकलेटची भांडी थेट पाण्यात घालू नका. आधी पोळीच्या तुकड्याने किंवा जुन्या कागदाने गरम असतानाच निपटून घ्या, मग थोड्या गरम पाण्यात साबण घालून धुवा. नळाला रोज पाणी येत नसेल तर याने दोन तांबे पाणी वाचते आणि मोरीची जाळीही तुंबत नाही.