उत्तरायणाआधी पाण्याची फाइल

गरबे संपले, रेनकोट माळ्यावर गेले, की सोसायटीतलं पाण्याचं बोलणंही बंद होतं. तसं होऊ देऊ नका. वडोदऱ्यात पाणी जुलै-ऑगस्टमध्ये तुंबतं, पण त्याच्यासाठीचे पैसे जानेवारी-फेब्रुवारीत ठरतात. महापालिका आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा साधारण जानेवारीच्या अखेरीला स्थायी समितीपुढे ठेवतात, फेब्रुवारीत ते सभेत मंजूर होतं आणि 1 एप्रिलपासून लागू होतं. जुलैत गुडघाभर पाण्यात उभं राहून केलेल्या फोनने फार तर एखादा पंप येतो. म्हणून पालिकेला द्यायच्या अर्जाची आपली फाइल पतंगांच्या दिवसांपर्यंत तयार हवी.

आधी पाण्याची आठवण गोळा करा, ती लवकर पुसते. भिंतीवरची ओल अजून दिसत असेल तर टेप लावून फोटो काढा आणि फोटोखाली तारीख आणि वेळ लिहा. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदी काळा घोड्याच्या पुलाशी 35 फुटांच्या वर गेली. या दोन्ही वेळी तुमच्या दारात किती पाणी होतं ते शेजारच्या आजींना विचारा, त्यांना पायरीसुद्धा आठवत असते.

मग पाणी आलं कुठून, हे ठरवा. या सगळ्या तयारीतलं मोलाचं काम हेच आहे. पाऊस कोसळत असताना साचलं आणि थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरलं, तर गटार लहान आहे किंवा गाळाने भरलं आहे. पण पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहिलं, रस्त्यावरच्या जाळीतून वर उसळलं, तर ते नदीचं किंवा कांसेचं, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्याचं, पाणी आहे. गटाराचं तोंड नदीच्या पातळीखाली गेलं की आतलं पाणी बाहेर पडत नाही, बाहेरचं आत शिरतं. अशा ठिकाणी पाइप मोठा केला तर नदीलाच मोठी वाट मिळते. तिथे तोंडाशी झडपेचं दार लागतं, आणि दार बंद असताना आतलं पाणी उपसायला पंप. आमच्या गल्लीत आम्ही कितीतरी वर्षं मोठा पाइप मागत राहिलो, आणि पाणी त्याच पाइपातून उलटं येत होतं. म्हणून अर्जात पाइपाच्या व्यासाबरोबर त्याच्या तोंडाची पातळी आणि पुरातली नदीची पातळी दोन्ही मागा. 2025 च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. त्यानंतर तुमच्या भागाच्या पातळ्या पुन्हा मोजल्या का, हेही विचारा.

आता मालक शोधा. सोसायटीच्या फाटकाच्या आतलं गटार आपलं, बाहेरचं पालिकेचं; पण मध्ये रेल्वेची हद्द, महामार्ग किंवा पाटबंधारे खात्याचा कालवा आला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ज्याला पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, तो 1949 चा कायदा आपल्याकडे आता गुजरातच्या नावाने चालतो. त्याच्या कलम 63 मध्ये गटारं बांधणं, राखणं आणि साफ करणं ही पालिकेची बंधनकारक कामं आहेत. अर्जात या कलमाचा उल्लेख असू द्या. नव्या वस्तीत राहत असाल तर 1976 च्या नगररचना कायद्याखालच्या टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, नकाशा काढा आणि जुन्या नकाशाशेजारी ठेवा. मसिया, रूपारेल किंवा भूखी कांसेला मिळणारा एखादा ओहोळ जुन्या नकाशात असेल आणि नव्यात रस्त्याखाली किंवा प्लॉटखाली गडप झाला असेल, तर तुमच्या अर्जाचं पहिलं पान तेच.

हिशेब स्वतः करून न्या. 10 हेक्टर पक्क्या वस्तीवर तासाला 60 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं 80 टक्के पाणी वाहिलं, तर दर सेकंदाला 1,300 लिटरहून जास्त पाणी गटारापर्यंत येतं. ते गटार एवढं नेऊ शकतं का, किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी ते आखलं होतं, आणि पावसाचे आकडे कोणत्या सालापर्यंतचे घेतले होते, हे तीन प्रश्न लेखी विचारा. केंद्राचं पावसाळी गटारांचं मॅन्युअल 2019 साली आलं आहे. त्याआधीचा आराखडा असेल तर तो तपासून घ्यायची मागणी रास्त आहे.

पैशाच्या पानावर मात्र नीट बसा. वेऱ्याच्या, म्हणजे पालिकेच्या कराच्या, बिलात पावसाच्या पाण्यासाठी वेगळी ओळ नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आणि जर्मनीत पक्क्या जागेच्या हिशेबाने असा आकार घेतात. आपल्याकडे बांधकामाला अनुदान मिळतं. केंद्राच्या 2015 च्या अमृत योजनेत पावसाळी गटारं हा एक विषय होता. 2021 च्या दुसऱ्या टप्प्याचा भर नळाचं पाणी, सांडपाणी आणि तलावांवर आहे. पालिकेने 2022 साली 100 कोटींचे रोखे काढले, पण रोखे म्हणजे व्याजाने घेतलेले पैसे. गाळ काढणं, जाळ्या बदलणं, झडपांना तेल देणं हे दरवर्षीचं काम बहुतेक आपल्याच वेऱ्यातून होतं, आणि तोच आकडा सगळ्यात आधी कापला जातो. म्हणून ‘नवीन लाइन टाका’ एवढंच लिहून थांबू नका. आमच्या कांसेच्या सफाईला गेल्या तीन वर्षांत किती तरतूद झाली, किती खर्च झाला, काम कोणत्या महिन्यात सुरू झालं आणि गाळ कुठे टाकला, हे विचारा. काठावरच ढीग ठेवला असेल तर पहिल्या सरीत तो परत आत जातो. ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. अर्जाची फी 20 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. नोव्हेंबरात अर्ज टाकला तर उत्तर वेळेत हाती येतं.

मागायला जाण्याआधी आपलं अंगणही पाहा. 100 चौरस मीटर गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. ते ड्रेनेजच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरमध्ये सोडलं असेल तर लाइन भरून तळमजल्याच्या संडासातून वर येतं. ती जोडणी तोडा, पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात न्या, आणि पेव्हर ब्लॉकखाली गेलेल्या जाळ्या मोकळ्या करा.

वॉर्ड ऑफिसला तिघांनी जावं, एकट्याने नको. प्रभागात चार नगरसेवक आहेत, चौघांनाही एकच कागद द्या. सोबत टेप, फोटो, नकाशा आणि अर्जाच्या दोन प्रती ठेवा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मिळाल्याशिवाय टेबल सोडू नका. होळीच्या सुमारास मंजूर अंदाजपत्रक उघडून आपल्या कांसेचं नाव शोधा. सापडलं तर मेच्या पहिल्या आठवड्यात तिच्या काठावर जाऊन उभे राहा, मशीन आलं का ते पाहायला.