बीएस्सी झालीये आणि आता इंजिनिअरिंगमध्ये जायचंय? मग हे असं करा

सगळ्यात आधी फॉर्म-बिर्म भरत बसू नका. तुम्हाला हव्या त्या नोकरीच्या चार-पाच जाहिराती उघडा आणि फक्त शैक्षणिक पात्रतेचा रकाना वाचा. तिथे बीई/बीटेक (किंवा डिप्लोमा) हवाच असं लिहिलं असेल, जसं की पीडब्ल्यूडी, महावितरणच्या इंजिनिअरच्या पोस्ट, तर डिग्रीला पर्याय नाही, ऑनलाइन सर्टिफिकेटांची चळत लावलीत तरी नाही. आणि सॉफ्टवेअरवाले 'कुठलाही ग्रॅज्युएट चालेल' म्हणत असतील तर परत तीन वर्षं कॉलेजात कशाला घालवायची?

डिग्री लागणारच असेल तर डायरेक्ट सेकंड इयर बघा. लोकांना वाटतं हे फक्त डिप्लोमावाल्यांसाठी असतं, पण बीएस्सीवाल्यांनाही चालतं, बारावीला गणित हवं आणि डिग्रीला किमान ४५ टक्के (महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४०). सीईटी द्यावी लागत नाही, मार्कांवर मेरिट लागतं आणि अ‍ॅडमिशन राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (सगळ्या कॉलेजांची एकत्र प्रवेशफेरी) होते. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची संस्था, तिच्या नियमात मेख अशी की आधी डिप्लोमावाले, मग उरलेल्या जागांवर बीएस्सीवाले. त्यामुळे पुण्याच्या सीओईपीसारख्या नामांकित कॉलेजातल्या कॉम्प्युटरची स्वप्नं बघू नका, ऑप्शन फॉर्ममध्ये जिथे जागा रिकाम्या राहतात ती कॉलेजं आणि मेकॅनिकल-सिव्हिलसारख्या ब्रँचेस पण टाका. त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय काहीच कन्फर्म करू नका, नियम बदलत असतात. नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, जातीची व्हॅलिडिटी यातले लागू असतील ते कागद मे महिन्यातच काढून ठेवा, जुलैत सेतू केंद्रासमोरची रांग बघून रडू येतं.

अ‍ॅडमिशन मिळाली की खरी मजा सुरू. सेकंड इयरच्या विषयांसोबत फर्स्ट इयरचे दोन विषय, इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स, बीएस्सीवाल्यांना काढावे लागतात. मेकॅनिक्सचं फार टेन्शन नको, फिजिक्सवाल्याला फ्री बॉडी डायग्राम जमतो, ट्रसची गणितं थोडी वेळखाऊ एवढंच. ड्रॉइंग मात्र घाम काढतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत, म्हणजे समोरून दिसणारा व्ह्यू वर आणि वरून दिसणारा त्याच्या खाली, हे डोक्यात बसेपर्यंत पेपर उलटाच निघतो. सुट्टीतच मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा आखायचं साधन) घ्या आणि रोज एक शीट काढा, खडूचा डबा समोर ठेवून त्याचे तीन व्ह्यू काढले तरी चालेल. कॉलेज सुरू झाल्यावर एम-थ्री (मॅथ्सचा तिसरा पेपर) डोक्यावर असतं, तेव्हा वेळ मिळत नाही आणि केटी लागते.

एमएस्सी झालेल्यांनी गेट (एमटेकसाठीची परीक्षा) द्यावी. फिजिक्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना काही आयआयटी-एनआयटीत ठराविक ब्रँचच्या एमटेकला घेतात, स्कोअर तीन वर्षं चालतो. पण लक्षात ठेवा, नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर गेटचा फॉर्म भरता येतो म्हणून एमटेकला घेतीलच असं नाही, त्या-त्या डिपार्टमेंटची पात्रता आधी बघा. शिवाय सरकारी कंपन्या बीईच मागतात, तिथे एमएस्सीवर केलेलं एमटेक चालेल असं गृहीत धरू नका.

बीए, बीकॉमवाल्यांना सॉफ्टवेअरची वाट सोपी. बारावीला किंवा डिग्रीला गणित असेल तर दोन वर्षांचं एमसीए, त्याची सीईटी असते. नसेल तर आयआयटी मद्रासचा ऑनलाइन डेटा सायन्सचा बीएस बघा, जेईई लागत नाही, दहावीला गणित-इंग्रजी असलं की बास, पण त्यांचा क्वालिफायर (प्रवेशासाठीची त्यांची स्वतःची परीक्षा) पास व्हावा लागतो. तो बीटेक नाही हे मात्र आधीच समजून घ्या. बीसीए आणि बीएस्सीवाल्यांसाठी विप्रो कंपनीचा विल्प (WILP) हा कार्यक्रम पण आहे, नोकरी करता करता एमटेक.

आणि घरबसल्या डिस्टन्सने बीटेक देतो म्हणणारा एजंट भेटला तर पैसे देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये एआयसीटीईच्या मंजुरीशिवाय डिस्टन्सने दिलेल्या इंजिनिअरिंग डिग्र्यांवर निकाल दिलाय आणि कित्येकांच्या डिग्र्या त्यात अडकल्या. कॉलेजला मान्यता आहे का हे एआयसीटीईच्या साइटवर दोन मिनिटांत दिसतं.