नव्या रंगावरचे बफिंगचे वळ कसे काढावेत

गॅरेजच्या पत्र्याखाली बॉनेट आरशासारखं दिसतं. आपण खूश होऊन गाडी घरी आणतो. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजाराबाहेर दुपारच्या उन्हात लावली की रंगावर लाटेसारखे लांब पट्टे उठतात आणि आपण सरकलो की तेही सरकतात. माझ्या काळ्या गाडीचं हेच झालं. नुकताच भरलेला रंग आणि त्यावर हे वळ, फार जिवाला लागलं होतं.

पेंटर याला होलोग्राम म्हणतात. रोटरी मशिनला (पॅड एकाच जागी गरगर फिरवणाऱ्या) लोकरीचं पॅड लावून जाडं रबिंग कंपाउंड फिरवलं आणि त्यानंतरचा बारीक पॉलिशचा हात राहिला, की हे वळ उरतात. रंग बिघडलेला नसतो. क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, अगदी वरच्या भागात ओरखडे असतात. म्हणून पुन्हा जाडं कंपाउंड लावू नका. क्लिअर कोट मुळात साधारण 50 मायक्रॉनचा (मिलिमीटरचा विसावा भाग), एकदा घासून गेला की परत रंगकामच.

पेंटरला आधी उन्हात नेऊन वळ दाखवा. काढून देणं हे त्याचंच काम आहे. स्वतः करायचं असेल तर रंग बूथमध्ये (रंगकामाच्या बंद, तापवलेल्या खोलीत) 60 अंशांवर भाजला की हवेवर वाळवला, हे विचारा. भाजलेला रंग लवकर पॉलिश करता येतो, हवेवरच्या रंगाला जास्त दिवस द्यावे लागतात. नेमके किती, ते हार्डनरवर, म्हणजे रंग कडक व्हायला त्यात मिसळतात त्या द्रवावर, ठरतं, त्यामुळे त्याच्याकडूनच कळून घ्या.

मग गाडी शॅम्पूने नीट धुवा. डिचोली-सांखळीकडची तांबडी धूळ पॅडखाली सापडली तर नवे ओरखडे पडतील. शिवाय पॉलिशच्या तेलाने झाकलेले वळ धुतल्यावरच खरे दिसतात. रबरी बीडिंग, प्लास्टिक आणि पॅनेलच्या कडांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो.

मशिन ड्युअल अ‍ॅक्शनचं घ्या, म्हणजे पॅड गोल फिरवतानाच डगमगवणारं, रोटरी नको. त्याला मऊ फोमचं फिनिशिंग पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. काम सावलीत करायचं. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, नाहीतर पॉलिश लगेच सुकतं. गोव्याच्या उन्हात सकाळी नऊच्या आत काम सुरू केलेलं बरं.

आधी दीड-दोन फुटांचा एकच चौकोन करून बघा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब टाका, मशिन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून थेंब पसरवा, मग सहापैकी तीन-चारच्या वेगाने चालू करा. हात अगदी सावकाश सरकवा, आधी आडवा, मग उभा, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर अर्धा चढवून. चार-पाच फेऱ्या पुरतात. पॅड ज्या चकतीवर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या बाजूला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. ती रेघ फिरताना दिसत राहिली पाहिजे. थांबली तर तुम्ही जास्त दाबताय, पॅड नुसतं थरथरतंय, वळ निघत नाहीत. मला हे कळायला अर्धं बॉनेट लागलं.

मऊ मायक्रोफायबरने हलकेच पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. पट्टे गेले असतील तर तोच क्रम पुढे चालवा. राहिले असतील तर पॅड एक पायरी कडक घ्या, दाब वाढवू नका. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, आणि दर पॅनेलला स्वच्छ पॅड. शेवटी गाडी धुऊन खऱ्या उन्हात चारही बाजूंनी बघा.

वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंगची घाई नको. नव्या रंगातलं थिनर अजून आठवडेच्या आठवडे बाहेर पडत असतं. पेंटरने वेगळं सांगितलं नसेल तर निदान 30 दिवस, शक्यतो 60 ते 90 दिवस थांबा. तोवर रंग उघडाच असतो, म्हणून गाडी जांभळाच्या झाडाखाली लावू नका. पक्ष्यांची शीट पडलीच तर सुकण्याआधी भरपूर पाण्याने भिजवून उचला, कोरड्या फडक्याने घासू नका.