अंदमानी नाग कसा ओळखावा आणि त्याची नोंद कशी लिहावी

येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा ठाणेकरांना नाग म्हटला की फण्यावरचा दहाचा आकडा आठवतो. अंदमानच्या सहलीत मात्र याच सवयीने फसगत होते, कारण तिथला नाग वेगळा आहे. सर्पतज्ज्ञ फ्रँक वॉल यांनी १९१३ मध्ये त्याला 'सॅजिटिफेरा', म्हणजे 'बाणधारी', हे नाव दिले. तरीही बराच काळ तो मुख्य भूमीवरील नागाची उपजात मानला गेला. आज तो केवळ अंदमानात आढळणारी स्वतंत्र जात, 'नाजा सॅजिटिफेरा', म्हणून ओळखला जातो.

नोंदीत सर्वप्रथम बेट, परिसर आणि वेळ लिहावी. केवळ रंगावर विसंबू नये, कारण पिल्लाच्या अंगावरचे फिकट आडवे पट्टे आणि फण्यावरची ठळक खूण वयाबरोबर पुसट होत जातात व प्रौढ साप गडद तपकिरी किंवा काळसर दिसतो. म्हणून रंगाच्या जोडीला अंदाजे लांबी लिहिलीच पाहिजे.

खरा पुरावा खवल्यांत असतो. डोक्याच्या वरच्या बाजूस, अगदी मागे, जोडीने दोन मोठे खवले दिसले तर तो नागराज (किंग कोब्रा) होय, आणि नागराजही अंदमानात आहे. पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले मोठे व षट्कोनी असतील तर पट्टेदार साप अंदमानी मण्यार ठरतो. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला नाकपुडीच्या खवल्याला आणि डोळ्याला एकाच वेळी टेकतो, तर खालच्या ओठाच्या कडेला पाचरीसारखा छोटा त्रिकोणी खवला असतो. निघण्यापूर्वी आपल्याकडच्या नागाच्या छायाचित्रांवर या खुणा शोधण्याचा सराव मी आग्रहाने सुचवेन.

हे सारे लांब पल्ल्याच्या लेन्सने, दुरूनच टिपावे. सापाने फणा काढला तर आपण फार जवळ गेलो आहोत. कात सापडल्यास खवले निवांत मोजता येतात, मात्र ती ताणली गेलेली असल्याने तिच्यावरून सापाची लांबी ठरवू नये, आणि ती तिथेच राहू द्यावी.

नोंदीचा नमुना असा: 'दक्षिण अंदमान, सुपारीच्या वाडीची कड, सकाळी ७.३०, अंदाजे १ मीटर, काळसर, पट्टे पुसट, डोक्यामागे मोठ्या खवल्यांची जोडी नाही, खालचा ओठ दिसला नाही.'