ऑफिस, घाट, कच्चा रस्ता आणि कोकण: सगळीकडे एकच टूरिंग सायकल कशी वापरावी

ऑफिसला एक, घाटाला दुसरी, कोकणात जायला तिसरी, अशा सायकली जमवत बसायची गरज नाही. एक चांगली टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून लांबच्या प्रवासाला नेता येईल अशी सायकल, ही सगळी कामं करते. फक्त निघण्याआधी तिच्यात दोन-तीन बदल करायचा हात बसायला हवा.

१. घेताना काय बघायचं

आधी टायरची जागा बघा. ३५ ते ३८ मिमीचं टायर मडगार्डसकट बसलं पाहिजे. दुकानातच टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत ६ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी पान्हा) सरकवून बघा. ती अडकली, तर पावसाळ्यात चिखलही तिथेच अडकणार. मग कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमवर बोल्टची भोकं आहेत ना, ते तपासा.

शेवटी गिअर. पुढे २६ दात आणि मागे ३४ असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम १.७ मीटर पुढे जाते. रोडबाइकच्या ३४-२८ गिअरवर तेच अंतर अडीच मीटरच्या आसपास असतं. सामान लादून वरंधा घाट चढताना हा फरक गुडघ्यांना कळतो. फ्रेमच्या वजनाची मात्र फार चिंता करू नका. दहा-बारा किलो सामान चढवल्यावर एखादा किलो इकडे-तिकडे काहीच नाही.

२. टायर तेच, हवा वेगळी

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि खर्च फक्त प्रेशर दाखवणाऱ्या पंपाचा. ७० ते ७५ किलोच्या माणसानं ३५ मिमीच्या टायरवर डांबरी रस्त्यासाठी मागे साधारण ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), पुढे ५० ठेवून सुरुवात करावी. कच्च्या रस्त्यावर दोन्हीकडे दहा-पंधरा कमी करा. सायकल खड्यांवर उडायची थांबते, पकड वाढते, तळहात बधिर होत नाहीत. मात्र ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका. दगडावर आपटून रिमखाली चिमटली, की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सामान असेल तेव्हा मागे ६५-७० करा. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडू नका.

३. सामान कुठे बांधायचं

ऑफिससाठी पाठीवर सॅक नको. एका पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पिशवीत, डबा, लॅपटॉप, कपडे सगळं मावतं आणि शर्ट घामानं चिकटत नाही. लांबच्या दौऱ्यात जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. कॅरिअरच्या वर फक्त हलकं सामान. तिथे जड काही बांधलं, तर उतारावर मागचा भाग डोलतो. कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी हातानं हलवून बघा, खडबडीत रस्त्यावर ते ढिले होतातच.

४. बीआरएमसाठी सायकल हलकी करायची

बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किमीच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. टूरिंग सायकलवर ते आरामात जमतं. कॅरिअर काढा, हँडलला छोटी पिशवी लावा, टायर ३२ मिमीचं घाला. मडगार्ड आणि दिवे राहू द्या.

५. कोकणातून आल्यावर

आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेश्वी, दाभोळ–धोपावे असा जेट्टीवरून जेट्टीवर होणारा प्रवास या सायकलचा खरा आनंद आहे, पण खारं वारं लोखंडाला सोडत नाही. घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवा. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. चेन पुसून, वाळवून तेल घाला. ब्रेक पॅडमध्ये रुतलेली खडी टोकदार सुईनं काढा, नाहीतर ती रिम खरवडत राहते. सीटपोस्टही (सीटखालचा दांडा) बाहेर काढून ग्रीस लावा, कारण स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट गंजून जाम बसली, की ती काढताना कधीकधी करवत आणावी लागते.